सटाणा, सिन्नर, सुरगाणा

या जिल्ह्याचं माझ्याशी काहीतरी जुनं वैर असावं:
सटाणा, सिन्नर, सुरगाणा,
आणि वरून सप्तशृंग गड.
पेठ म्हणता येतं मला, येवला येतं,
त्र्यंबक तर एका दमात,
पण 'स'च्या दारात जीभ
चप्पल हरवल्यासारखी उभी राहते.

त्यात नाव ठेवलं सुलक्षणा.
तिसरीत नव्या बाईंनी विचारलं तेव्हा
मी शेजारणीचंच सांगून मोकळी झाले.
त्या दिवशी वर्गात दोन अलका होत्या
आणि सुलक्षणा खैरनार गैरहजर.

माझ्या आत एक जण बोलतो.
तो कधीच अडखळत नाही.
बातम्या देणाऱ्यासारखा स्वच्छ, सलग,
'स' तर असा काढतो की शीळ वाटावी:
"सोड. साधं सांगता येत नाही तुला. सगळे हसतील."
छत्तीस वर्षं मी त्याचं ऐकलं,
कारण आम्हा दोघांत
बोलता त्यालाच येत होतं.

मेळा स्टँडच्या कंट्रोल रूममध्ये
रजिस्टरामागे मला त्यानेच बसवलं.
मी नोंदी घ्यायची,
निकुंभसाहेब पुकारायचे,
पान एका गालात सरकवून.

परवा साहेबांचा तोच गाल सुजला.
दाढ. ते गेले अशोकस्तंभाकडे, दवाखान्यात,
आणि साडेसहाला ड्रायव्हरने दारातून डोकं घातलं:
"चारवरची बंद पडली, मॅडम. सुरगाणा आठवरून काढतोय.
शेवटची आहे. पुकारा."

काचेपलीकडे, चार नंबरसमोर
एक बाई बसलेली. मांडीवर पोर,
पोराच्या मनगटाला सलाईनची पट्टी,
शेजारी सिव्हिलच्या औषधांची पिशवी.

तो लगेच म्हणाला,
"सरळ जाऊन सांग की तिला. माईक कशाला? शोभा होईल."
पटलं. मी उठले, दारापर्यंत गेलेही.
मग दिसले बाकीचे.
कुणी रसवंतीवर, कुणी नळाशी,
कुणी पेपर अंथरून आडवा.
एवढ्या कानांपर्यंत
मी पायी कशी पोचणार होते?

परत आले. लाल बटण दाबलं.
भोंग्यातून आधी माझा श्वासच बाहेर पडला,
पार ठक्कर बाजारपर्यंत ऐकू गेला असेल.
प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे.
सु
सु
सु

"मुतारी तिकडं हाय, ताई!"
रसवंतीपाशी कुणीतरी ओरडलं,
आणि हशा, तो ठरलेला हशा,
ज्याची मी तिसरीपासून वाट पाहत होते.
आला. कान तापले. पाठीवर घामाची एक ओळ.
"सांगितलं होतं," आतला म्हणाला.
बटणावरचं बोट मात्र माझं होतं.
ते मी उचललं नाही.

सु, सुरगाणा.
व्हाया वणी.
आठ नंबर. आठ.

लोक उठले.
पेपरवाल्याने पेपर तिथेच टाकला,
बाईने पोर खांद्यावर घेतलं, पिशवी दातांत धरली.
माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही,
इतक्या घाईने ते माझं ऐकत होते.
मुतारीवालाही पळाला, ग्लास हातात तसाच.
त्यालाही सुरगाण्यालाच जायचं होतं.

आता सकाळची पाळी मी मागून घेतलीय.
सटाणा अजून तीन धक्क्यांत सुरू होतो,
सिन्नर थंडीत जास्तच त्रास देतं.
रसवंतीवाला माझी नक्कल करतो, चांगली करतो,
परवा मलाही हसू आलं.

आणि तो? गेला नाही.
टेबलाच्या कोपऱ्याला बसून असतो,
त्याच स्वच्छ आवाजात.
काल त्यालाच विचारलं,
एवढं बोलतोस तर सांग,
नऊ पस्तीसची गडाची गाडी
आज कितीवर लागणार?

गप्प.
त्याला वेळापत्रक ठाऊकच नव्हतं.
इतकी वर्षं, आणि एकही गाडी ठाऊक नव्हती.

मी बटण दाबलं.
स